कटातला भागीदार कोण?



‘मी तर तिथे नव्हतोच, मग माझ्यावर खटला कसा?’ असे म्हणणारा माणूस आपल्याला चावडीवर किंवा कोर्टाच्या आवारात भेटतो. ज्याने हात लावला नाही त्याचा गुन्हा नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती बरोबर आणि किती चूक, ते आज पाहू.

दोन किंवा अधिक माणसांनी बेकायदेशीर गोष्ट करण्याचे, अथवा कायदेशीर गोष्ट बेकायदेशीर मार्गाने करण्याचे आपसांत ठरवले, की कायद्याच्या भाषेत तो ‘फौजदारीपात्र कट’ होतो. जुन्या दंडसंहितेत १९१३ साली यासाठी १२० अ आणि १२० ब ही कलमे घातली गेली. १ जुलै २०२४ पासून तोच विषय भारतीय न्याय संहितेच्या ६१ व्या कलमात आला आहे. ठरलेली गोष्ट स्वतःच गुन्हा असेल, तर नुसते ठरवणे पुरते. तसे नसेल, तर ठरल्याप्रमाणे कोणीतरी एखादे पाऊल टाकलेले असावे लागते.

समजा, निमोण्यासारख्या एखाद्या गावी बांधावरून तंटा आहे. चौघेजण रात्री बसून ठरवतात, की समोरच्याची कडब्याची गंजी पेटवायची. एक रॉकेल देतो, दुसरा मोटारसायकल देतो, तिसरा काडी लावतो. चौथा म्हणतो, ‘माझी संमती आहे, पण मी येत नाही,’ आणि घरी जाऊन झोपतो. हे चौघेही कटातले भागीदार. आता पाचवा घ्या. त्याने नेहमीप्रमाणे शेजाऱ्याला मोटारसायकल दिली, कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हते. तो भागीदार नव्हे. सहाव्याने बोलणे कानांनी ऐकले, पण होकार दिला नाही. तोही भागीदार नव्हे. त्याचे कर्तव्य काय, ते पुढे सांगतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण दुर्दैवाने आपल्याच भागाशी जोडलेले आहे. शिरूरवरून जाणारा पुणे–नगर रस्ता तुमच्या ओळखीचा. महात्मा गांधींच्या खुनाच्या खटल्यातले बरेच आरोपी याच रस्त्याच्या दोन टोकांचे होते. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे पुण्याचे. गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी डेपोत नोकरीला. शस्त्रे विकणारा दिगंबर बडगे पुण्याचा. विष्णु करकरे नगरचा, आणि निर्वासित मदनलाल पाहवाही नगरलाच येऊन राहिलेला.

२० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनात मदनलालने स्फोट केला आणि तो जागीच पकडला गेला. ३० जानेवारीला गांधीजींवर गोळ्या झाडल्या नथुरामने. त्या दिवशी मदनलाल पोलिसांच्या कोठडीत होता, म्हणजे त्याच्या हाती पिस्तूल असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही १० फेब्रुवारी १९४९ रोजी लाल किल्ल्यातील विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी त्याला जन्मठेप दिली. गोपाळ गोडसेलाही तीच शिक्षा झाली. आपटेने गोळी झाडली नव्हती, पण नथुरामबरोबर तोही १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात फासावर गेला.

याच खटल्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. बडगेचा नोकर शंकर किस्तय्या आणि ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे यांना खालच्या न्यायालयाने दोषी धरले होते. जून १९४९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या दोघांना सोडले. वि. दा. सावरकर तर विशेष न्यायालयातच निर्दोष सुटले होते. बडगे माफीचा साक्षीदार झाला होता, पण सावरकरांविरुद्ध त्याच्या एकट्याच्या शब्दाला स्वतंत्र आधार मिळाला नाही. स्वतः गुन्ह्यात असलेल्या माणसाची साक्ष न्यायालय अशी पारखून घेते.

आपण म्हणतो, सुक्याबरोबर ओलेही जळते. तसे होऊ नये म्हणून न्यायालयाला दोन गोष्टी तपासाव्या लागतात: त्या माणसाला बेत ठाऊक होता का, आणि त्याने त्याला संमती दिली का. कट अंधारात होतो, कागदावर सह्या होत नाहीत. म्हणून भेटीगाठी, प्रवास, पैशांची देवघेव यांवरून संमतीचे अनुमान काढले जाते. शिवाय कट असल्याला सबळ कारण दिसले, की एकाने त्या बेतासंबंधी बोललेले वा लिहिलेले शब्द दुसऱ्याविरुद्धही पुराव्यात येतात. म्हणून ‘हो, बघू या’ हे शब्दसुद्धा जपून उच्चारावेत.

शिक्षेचे म्हणाल, तर खुनासारख्या गंभीर गुन्ह्याच्या कटाला त्या गुन्ह्याला चिथावणी दिल्याप्रमाणे शिक्षा होते. खून प्रत्यक्षात घडला नाही, तरीही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता तो सहावा माणूस. खून, दरोडा, आग लावणे अशा काही गुन्ह्यांचा बेत कळला, तर सबळ कारण नसताना गप्प बसू नये, जवळच्या पोलीस अधिकाऱ्याला अथवा दंडाधिकाऱ्याला कळवावे, असे कायदाच सांगतो. गावचे पोलीस पाटील यात वाट दाखवतील.

शिक्षक मित्रहो, मुलांना मदनलाल आणि शंकर यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून सांगा. आणि बंधूंनो, रागाच्या भरात कोणी तुम्हाला ‘तू नुसता हो म्हण’ असा आग्रह करील, तेव्हा तिथल्या तिथे स्पष्ट नाही म्हणा आणि उठा. बेत ऐकला असेल, तर वेळीच कळवा. शेजाऱ्याची गंजी वाचेल, आणि ती पेटवायला निघालेल्याचे घरही वाचेल.