कर्ब टिकतो तो कणाला बिलगून

शेतात घातलेल्या शेणखताचा नि पाचटाचा बराचसा भाग जिवाणू दोन-तीन हंगामांत फस्त करतात आणि कार्बन डायऑक्साइड होऊन तो हवेत जातो. तरी त्याच मातीत शेकडो, कधी हजारो वर्षांचा सेंद्रिय कर्ब सापडतो. लाकडातल्या लिग्निनसारखे चिवट तेवढेच मागे उरते, असे फार काळ मानले गेले. पण चिकणमातीच्या कणांवरचा जुना कर्ब तपासला की त्यात मेलेल्या जिवाणू-बुरशीची प्रथिने आणि शर्करा निघतात, म्हणजे सहज पचणारेच पदार्थ. तेव्हा पदार्थ किती चिवट यापेक्षा तो कुठे जाऊन चिकटला, यावर त्याचे आयुष्य ठरते असे मानणेच मला योग्य वाटते. याचा भक्कम पुरावा हवाई बेटांवर मिळाला. तिथे मार्गारेट टॉर्न आणि सहकाऱ्यांनी ३०० वर्षांपासून ४१ लाख वर्षांपर्यंतच्या ज्वालामुखीजन्य जमिनी तपासल्या. निष्कर्ष १९९७ मध्ये आले. पाऊस आणि झाडोरा सगळीकडे सारखाच, तरी कर्ब सुमारे दीड लाख वर्षे वाढत गेला आणि पुढे निम्म्यावर आला. फरक होता खनिजांचा. राख झिजून आधी घडीव स्फटिक नसलेली, प्रचंड पृष्ठभागाची खनिजे बनतात. कालांतराने त्यांचे स्फटिक होतात आणि कर्बाला धरून ठेवणारी जागाच घटते.

मग दख्खनच्या काळ्या जमिनीत कर्ब उतू जायला हवा, असा आक्षेप कोणी घेईल. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमला कित्येकशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो. तरी माती परीक्षणात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खालीच दिसतो. जागा आहे, पण भरणा नाही. पऱ्हाटी बांधावर जळते, शेणाच्या गोवऱ्या होतात, वारंवारच्या नांगरटीने आणि उन्हाने उरलेले झपाट्याने कुजते. काळा रंगही फसवा: चिकणमातीशी घट्ट जुळलेला थोडासा कर्बही माती काळीभोर करतो. शिवाय सगळा पृष्ठभाग कामाला येतो असेही नाही. म्युनिकच्या संशोधकांनी २०१४ मध्ये खुणेचा कर्ब घातलेला पाचोळा मातीत मिसळून कण न्याहाळले, तेव्हा सेंद्रिय पदार्थ एक-पंचमांशाहून कमी भागावर होते. नवा कर्बही बहुधा खडबडीत कडा-कपारींत, आधीच्या थराला लागूनच बसला होता. आणि बसलेला कायमचा बसला असेही नाही. मुळांतून पाझरणारे ऑक्झॅलिक आम्ल खनिजांशी जुळलेले बंध सोडवते, सुटलेला कर्ब जिवाणूंच्या तोंडी पडतो. म्हणून एकदा ट्रॉलीभर खत टाकून काळीचा कर्ब वाढत नाही; दरवर्षी पाचट आणि मुळे रानातच कुजावी लागतात.