तो पोझ देत नाहीये!

"काही करत नाहीत हो ते. बघा ना, किती शांत उभा आहे!"

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क गावात कुठल्याही फुटपाथवर जरा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर पडणारच. इंग्रजीत, हिंदीत आणि हल्ली बऱ्याचदा मराठीतही. डेन्व्हरला मुलांकडे आलेले आई-बाबा असोत, की चार दिवसांची सुट्टी जोडून 'फॉल कलर्स' बघायला आलेली मित्रमंडळी असोत, गोल्फच्या मैदानावर चरणारा एल्कचा कळप बघून सगळ्यांचं एकमत होतं: हे प्राणी माणसाळलेले आहेत. मग कुणीतरी नातवाला पुढे उभं करतं आणि वर सांगतं, "अजून थोडा मागे सरक, शिंगं फ्रेममध्ये येत नाहीयेत."

हे गाव म्हणजे रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाचं पूर्वेकडचं दार. इथला एल्क आपल्या सांबराच्याच कुळातला, पण त्याहून उंच आणि थोराड. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन तीनशे किलोच्या पुढे जातं, मादीही सव्वादोनशेच्या आसपास भरते. मनात आणलं तर हा प्राणी ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. म्हणजे तुमच्या फोनचा कॅमेरा उघडेपर्यंत तो तुमच्यापाशी पोचलेला असेल.

मग तो पळत का नाही? कारण पळण्याला खर्च असतो. गावात आणि उद्यानात त्याच्यावर कुणी बंदूक रोखत नाही, मैदानावर पाणी घालून वाढवलेलं गवत आयतं मिळतं, आणि रोज समोरून जाणारी शेकडो माणसं त्याला काही करत नाहीत, हे तो शिकला आहे. प्रत्येक माणसाला बघून धावत सुटला तर त्याचं पोट कधी भरायचं? याला सवय म्हणतात. माणसाळणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आणि पैदास लागते. आणि खरोखर माणसाळलेल्या जनावराचंही आपण काय करतो? गावाकडे माजावर आलेल्या वळूच्या पुढ्यात नातवाला उभं करून कुणी फोटो काढतं का? तो तर हजारो वर्षं माणसाच्या दावणीला राहिलेला. इथे मात्र ज्याला कुणी कधी वेसण घातली नाही, त्याच्यावर आपण डोळे झाकून विश्वास टाकतो.

त्यात आपण जातो नेमके त्याच्या माजाच्या हंगामात. साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एल्कचा मीलनकाळ असतो, आणि अॅस्पेनची झाडं पिवळी होतात तीही याच सुमारास. पर्यटकाला दोन्ही एकाच फेरीत हवं असतं, म्हणून गर्दीही तेव्हाच उसळते. या काळात नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. तो नीट खात नाही, झोपत नाही. माद्यांचा जमाव एकत्र ठेवणं आणि कडेकडेने घुटमळणाऱ्या दुसऱ्या नरांना हुसकावणं यातच त्याचा दिवस जातो. उन्हाळ्यात साठवलेली चरबी झपाट्याने संपते आणि पुढे रॉकीचा हिवाळा उभा असतो. अशा वेळी माणसं मध्ये आल्यामुळे त्याला मारावी लागणारी प्रत्येक फालतू धाव त्या शिल्लक चरबीतून जाते.

आता त्या 'पोझ'बद्दल. मान उंच, पूर्ण अंग आडवं, शिंगं मागे झुकलेली, संथ पावलं. फोटोसाठी याहून चांगली चौकट मिळणार नाही, हे मान्य. पण दोन नर समोरासमोर आले की एकमेकांना समांतर चालत आपापला आकार दाखवतात, तेव्हा ते हेच करतात. त्यातून एकाने माघार घेतली तर लढाई टळते. तेव्हा तो तुमच्यासमोर असा आडवा उभा राहिला, तर तो तुम्हाला फोटो देत नाहीये, माप देतोय. कान मागे गेले, वरचा ओठ मुडपला, दात करकरले किंवा झुडपावर शिंगं घासली, तर समजा की इशारा देऊन झाला आहे. "किती छान बघतोय कॅमेऱ्याकडे" हे उद्गार मी नेमके अशाच क्षणी ऐकलेले आहेत, आणि दर वेळी मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला आहे.

"बरं, नर सोडा, माद्या तर गरीब असतात ना?" नाही. सुमारे साडेआठ महिन्यांच्या गर्भारपणानंतर मेअखेर आणि जूनमध्ये पाडसं जन्मतात. आई पाडसाला गवतात दडवून जवळपास चरत असते. ते पाडस तुम्हाला दिसतही नाही, आणि तुम्ही नकळत त्याच्या वाटेवर जाता. २०२४ सालच्या मेअखेर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात याच एस्टेस पार्क गावात माद्यांनी एका ८ वर्षांच्या मुलीवर आणि एका ४ वर्षांच्या मुलावर हल्ला केला. दुसरी घटना खेळाच्या मैदानावर घडली. कोलोरॅडो राज्याच्या वन्यजीव विभागाने त्या वेळी लोकांना जाहीर सूचना दिल्या होत्या. त्या मुलांनी कुणाचीही छेड काढलेली नव्हती.

आपल्याकडून येणाऱ्यांचा आणखी एक घोटाळा होतो. ताडोबात जिप्सीतून खाली पाय ठेवता येत नाही, सोबत गाइड असतो, फाटकाच्या वेळा ठरलेल्या असतात. इथे गाडी लावा, दार उघडा आणि चालू लागा, कुणी हटकत नाही. मग मनात हिशोब होतो: ज्या अर्थी मोकळं सोडलंय, त्या अर्थी धोका नाही. प्रत्यक्षात इथली व्यवस्था नियम सांगून पाळण्याची जबाबदारी पाहुण्यावर टाकते, एवढाच फरक आहे. एल्क आणि बिगहॉर्न मेंढ्यांपासून किमान ७५ फूट, मूस नावाचं थोराड हरीण आणि अस्वल यांच्यापासून किमान १२० फूट अंतर ठेवायचं, हा या उद्यानाचा नियम आहे. वन्यप्राण्यांना खायला घालणं, हात लावणं, चिडवणं, घाबरवणं, त्यांच्या मीलनात मुद्दाम अडथळा आणणं हे देशभरातल्या राष्ट्रीय उद्यानांत बेकायदा आहे, आणि त्याला दंडाबरोबर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात मोरेन पार्क, हॉर्सशू पार्क, अपर बीव्हर मेडोज अशी मुख्य कुरणं संध्याकाळपासून सकाळपर्यंत पायी फिरणाऱ्यांना बंद असतात. रस्त्यावर थांबून बघायला, ऐकायला कुणाची ना नाही. गर्दी आवरायला 'एल्क ब्युगल कोअर' नावाचे स्वयंसेवकही उभे असतात. बिचारे दर संध्याकाळी तेच तेच हसतमुखाने सांगत असतात. माझ्याच्याने ते झालं नसतं.

"पण जवळ गेल्याशिवाय फोटो कसा येणार?" हाही गैरसमजच, आणि तो खुद्द छायाचित्रकारांनी पसरवलेला. मासिकांत दिसणारे धुरकट पार्श्वभूमीवरचे चेहरे लांबून, ४०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या लेन्सने टिपलेले असतात. ती पार्श्वभूमी धूसर होते तीच मुळी लांब लेन्समुळे. फोन घेऊन दहा फुटांवर गेलात तर हाती येतो मोठ्या नाकाचा, चपट्या शिंगांचा आणि बऱ्याचदा चिडलेला प्राणी. लेन्स नसेल तर प्राणी लहान ठेवा, सोबत सोनेरी उतार आणि मागचा डोंगर घ्या. गाडी योग्य जागी उभी करून खिडकीतून काढलेले फोटो तर अनेकदा सरस येतात, कारण गाडीतल्या माणसाकडे प्राणी फारसं लक्ष देत नाही. अंतराचा अंदाज येत नसेल, तर उद्यान सेवा सांगते ती युक्ती वापरा: हात ताठ पुढे करा, एक डोळा मिटा, अंगठा उभा धरा. अंगठ्याआड अख्खा प्राणी झाकला गेला पाहिजे. ७५ फुटांवरचा एल्क अंगठ्यात मावत नाही. ही कसोटी नियमापेक्षाही कडक आहे, आणि तेच बरं.

आता रंगांकडे वळू. "यंदा लवकर बर्फ पडला की रंग झकास येतील," हे वाक्य दर वर्षी फिरतं. पानांना रंगवण्याचं काम बर्फ किंवा दव करत नाही. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातलं हरितद्रव्य नव्याने बनवणं थांबवतं. त्याचं विघटन होत गेलं की आतला पिवळा रंग दिसू लागतो, आणि तो पानात उन्हाळाभर होताच. लाल आणि केशरी छटा देणारं द्रव्य मात्र शरद ऋतूत नव्याने तयार होतं. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा हवा, पण गोठवणारी थंडी नको. कडक गोठण लवकर पडली तर पानं थेट तपकिरी, काळी पडून गळतात. म्हणजे ज्याची वाट बघायची ते नेमकं उलटं. एकाच उतारावर एक पट्टा पिवळाधमक, शेजारचा केशरी आणि तिसरा अजून हिरवा का, असंही लोक विचारतात. अॅस्पेनची शेकडो खोडं अनेकदा एकाच मुळापासून फुटलेली, जनुकीयदृष्ट्या एकच झाड असलेली असतात, आणि प्रत्येक झाड आपापल्या वेळी रंग बदलतं. युटा राज्यातलं 'पांडो' नावाचं असं एकच अॅस्पेन सुमारे ४३ हेक्टरवर पसरलेलं आहे.

बाकीचे किरकोळ. शिंगांची टोकं मोजून वय कळत नाही. टोकं खाण्यावर आणि तब्येतीवरही ठरतात, वय कळतं दातांवरून. शिंगं जन्मभर टिकतात असंही नाही, सांबर-चितळासारखीच ती दर वर्षी गळतात आणि नवी येतात. गळलेलं शिंग उचलून घरी नेणं उद्यानात गुन्हा आहे. उंदीर-खारी ते कॅल्शियमसाठी कुरतडतात. रात्री ऐकू येणारी ती किंचाळी जखमी जनावराची नसते, तो नराचा बिगुल असतो. २०१६ साली 'जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल बायॉलॉजी'त आलेल्या अभ्यासानुसार नर एकाच वेळी दोन आवाज काढतो: खर्जातली डरकाळी आणि वरच्या पट्टीतली शीळ. हा आवाज फोनवर वाजवून त्याला बोलावू नका, तेही बेकायदा आहे. मूस मंद असतो म्हणणाऱ्याने मूस धावताना पाहिलेला नाही. आणि थंडीत उद्यान बंद होत नाही. बंद होतो तो १२,१८३ फुटांवर जाणारा ट्रेल रिज रस्ता, बहुधा ऑक्टोबरमध्येच.

शेवटचा गैरसमज जरा मोठा आहे: इतके एल्क दिसतात म्हणजे इथला निसर्ग अगदी जसाच्या तसा, धडधाकट आहे. उद्यान १९१५ साली झालं, पण त्याआधीच शिकारीने इथले एल्क जवळजवळ संपवले होते. आज दिसणाऱ्या कळपांचे बरेचसे पूर्वज १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून आणलेले आहेत. लांडगे आणि ग्रिझली अस्वलं मात्र मारली गेली ती गेलीच, त्यामुळे एल्क वाढत गेले आणि एका जागी ठाण मांडून चरू लागले. अॅस्पेनचे कोवळे फुटवे वर यायच्या आत खाल्ले जाऊ लागले. फोटोत ज्या काळ्या खरडलेल्या खोडांना लोक 'टेक्स्चर' म्हणून दाद देतात, तिथे अनेकदा हिवाळ्यात एल्कने दातांनी साल ओरबाडलेली असते. २००८ पासून उद्यानाने २० वर्षांचा आराखडा हाती घेतला, झाडांच्या राया कुंपणात घातल्या आणि काही काळ प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या मदतीने काही एल्क मारलेही. लांडगे परत आणावेत यावर कोलोरॅडोच्या मतदारांनी २०२० साली थोडक्या मतांनी होकार दिला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनहून आणलेले १० लांडगे राज्यात सोडले गेले.

या सप्टेंबरात जाणार असाल तर प्रवेशासाठी आगाऊ वेळ घ्यावी लागते का, ते निघण्यापूर्वी पाहून घ्या. गेली काही वर्षं गर्दीच्या महिन्यांत ती लागते आहे. कुंपणातल्या अॅस्पेनकडे जायला माणसांसाठी दारं ठेवली आहेत, ती आपल्यामागे लावून घ्या. आणि एल्कपाशी फूटपट्टी काढत बसू नका: चरता चरता थांबून त्याने तुमच्याकडे मान वर केली, की तुम्ही जास्त जवळ गेला आहात. मागे सरा, नातवालाही मागे घ्या.