मल्ल करमाळ्याचा, पाटी बुलढाण्याची

डिसेंबर 2018 मध्ये जालन्याच्या आझाद मैदानावर 62व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची शेवटची कुस्ती लागली तेव्हा निवेदकाने पुकारा केला तो पुणे विरुद्ध बुलढाणा असा. पुण्याचा अभिजित कटके आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी. भूगावच्या मैदानात किरण भगतला हरवून त्याने गदा घेतली होती, आणि जालन्यातही बहुतेकांचा होरा त्याच्याच बाजूने होता. समोर होता बुलढाण्याचा बाला रफिक शेख. कुस्ती गुणांवर सुटली आणि 11-3 अशी एकतर्फी सुटली. बुलढाणा म्हणजे जालन्याचा सख्खा शेजारी जिल्हा. मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरच्या जिल्ह्याने कोल्हापूर-पुण्याच्या नाकावर टिच्चून गदा नेली, असं म्हणायला खरं तर हरकत नव्हती.

हरकत एवढीच की बाला रफिक बुलढाण्याचा नव्हताच. तो सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या खडकी गावचा. कुस्ती शिकला कोल्हापुरात, हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्या हाताखाली, न्यू मोतीबाग तालमीत. पुढे पुण्याच्या हनुमान आखाड्यात. आंदळकर वस्ताद त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेले होते आणि रफिकने गदा त्यांनाच अर्पण केली. म्हणजे गाव सोलापूरचं, माती कोल्हापूरची, सराव पुण्याचा आणि निकालपत्रकात नाव बुलढाण्याचं. जालन्यातल्या प्रेक्षकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. कुस्तीशौकिनाला मल्लाची सात पिढ्यांची माहिती असते. पण कुणाला त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही.

यामागचं गणित साधं आहे. महाराष्ट्र केसरी किताबाचा गट 86 ते 125 किलोंचा. त्यात गादी आणि माती असे दोन विभाग. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. प्रत्येक जिल्ह्याच्या आणि मोठ्या शहराच्या तालीम संघाला प्रत्येक विभागात एकच मल्ल पाठवता येतो. कोल्हापूर, सोलापूर, पुणे, सांगली, सातारा या पट्ट्यात त्या एका जागेसाठी दहा तगडे मल्ल उभे असतात. तिथे निवड चाचणीतच एखादा भावी महाराष्ट्र केसरी गारद होऊ शकतो. दुसरीकडे असेही जिल्हे आहेत, जिथे 120 किलोंचा तयार गडी सापडणं मुश्कील. मग दाटीतला मल्ल मोकळ्या जिल्ह्याची पाटी घेतो. जिल्ह्याला नाव मिळतं, मल्लाला संधी. फुटबॉलच्या भाषेत हे ट्रान्सफर. कुस्तीत कुणी असं म्हणत नाही, ‘तो यंदा वाशीमकडून खेळतोय’ एवढंच म्हणतात.

रफिक काही एकटा नाही. जानेवारी 2020 मध्ये पुण्यात गदा घेणारा हर्षवर्धन सदगीर नाशिकचा म्हणून खेळला. त्याचं गाव अकोले तालुक्यातलं कोंभाळणे, म्हणजे नगर जिल्हा. अंतिम फेरीत त्याने हरवलेला शैलेश शेळके लातूरचा, आणि दोघेही पुण्यात काका पवारांच्या एकाच तालमीत घडलेले. कुस्ती संपल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून मैदान फिरवलं, ते छायाचित्र महाराष्ट्रभर गाजलं. जानेवारी 2023 मध्ये पुण्यातच शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला तो नांदेडकडून. शिवराज मूळचा पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा, राक्षेवाडीचा.

या सगळ्यावर कळस चढवला तो नोव्हेंबर 2023च्या फुलगावच्या अंतिम कुस्तीने. कागदोपत्री लढत होती वाशीम विरुद्ध नांदेड. वाशीमकडून सिकंदर शेख, नांदेडकडून पुन्हा शिवराज राक्षे. सिकंदर सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा. वडील हमाली करायचे. तयार झाला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत, वस्ताद विश्वास हारुगले यांच्याकडे. राक्षे काका पवारांचा पठ्ठ्या. सिकंदरने झोळी डाव टाकला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत राक्षे चितपट. ज्यांना हलगीचा ताल पकडायलाच पाच मिनिटं लागतात, अशांनी काहीच पाहिलं नसणार. त्या आखाड्यात नांदेडचं काही नव्हतं, वाशीमचंही नव्हतं. लढत होती ती गंगावेस आणि काका पवारांच्या तालमीची, आणि मैदानातला प्रत्येक जण ती तशीच पाहत होता.

इथे क्रोएशियाचा एक दाखला उपयोगी पडतो. लुका मॉड्रिच हा झादारजवळच्या खेड्यातला मुलगा. युद्धात घर सोडावं लागलेल्या कुटुंबातला. दिनामो झाग्रेबने त्याला घेतलं खरं, पण मुख्य संघात जागा नव्हती. 2003-04 मध्ये त्याला शेजारच्या बोस्नियात झ्रिंस्की मोस्तारकडे उसना धाडलं, पुढच्या हंगामात इंटर झाप्रेशिचकडे. दाटीतला खेळाडू मोकळ्या जागी पाठवायचा, तो तिथे तावूनसुलाखून निघतो, हे तंत्र आपल्या तालीम संघांना नवं नाही. फरक पुढे पडतो. 2008 मध्ये दिनामोने मॉड्रिचला टॉटनहॅमला विकलं आणि 1 कोटी 65 लाख पौंड मोजून घेतले. बदल्यांच्या या पैशांतला वाटा क्लबच्या तिजोरीऐवजी भलतीकडे गेल्याचा खटला उभा राहिला, आणि जून 2018 मध्ये क्लबचा सर्वेसर्वा झ्द्राव्को मामिच याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. तो आधीच बोस्नियात निघून गेला होता. पुढच्याच महिन्यात मॉड्रिचच्या क्रोएशियाने विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली.

दिनामोच्या ‘बॅड ब्लू बॉइज’ या समर्थकांनी मामिचविरुद्ध वर्षानुवर्षं बहिष्कार घातला, घोषणा दिल्या. स्प्लिट शहरातल्या हायडुकचे समर्थक त्याहून पुढचे. त्यांची ‘टॉरसिडा’ 1950 सालची, युरोपातली सर्वांत जुनी समर्थक संघटना मानली जाते. हायडुकच्या सदस्यांनी मतदानाने क्लबच्या देखरेख मंडळावर माणसं निवडण्याचा हक्क मिळवला. तिथला चाहता क्लबला आपली इस्टेट समजतो. म्हणून खेळाडू विकला की हिशेब मागतो.

आपल्याकडे बुलढाण्याचा किंवा वाशीमचा चाहता हिशेब मागत नाही, कारण त्याच्यापाशी मागण्याजोगं काही नाही. जिल्हा तालीम संघ ही त्याच्या लेखी नाव नोंदवण्याची जागा आहे. निष्ठा असते गावावर, तालमीवर आणि वस्तादावर, याच उतरंडीने. जत्रेच्या कुठल्याही मैदानात हे दिसतं. दुपारी नारळावरच्या कुस्त्या लागतात, लंगोट घट्ट करणारी आठ-दहा वर्षांची पोरं उतरतात. मग शंभर-दोनशेच्या कुस्त्या, संध्याकाळी हजारांच्या. निवेदक मल्लाचं नाव पुकारतो ते गाव आणि वस्तादासकट. जिल्हा आला तर शेवटी. कोथळीच्या शंकर पुजारींसारखा निवेदक असेल तर मल्लाच्या आजोबांची कुस्तीही प्रेक्षकांना ऐकायला मिळते. हलगीवाला जोडीच्या हालचालीबरोबर ठेका चढवतो. आणि कुस्ती निकाली झाली की फेट्यातली, खिशातली नोट काढून माणसं थेट आखाड्यात शिरतात. इनाम जिंकलेल्याच्या हातात पडतं, त्याला पावती नसते.

हाच इनाम-खुराकाचा व्यवहार मोठा होत गेला. जानेवारी 2023च्या विजेत्याला चांदीच्या गदेबरोबर महिंद्रा थार आणि पाच लाख रुपये मिळाले. पण त्यासाठी मल्ल घडवायला लागणारी वर्षं, दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खर्च बापाने, गावाने आणि एखाद्या दात्याने उचललेला असतो. जिल्ह्याची पाटी देणाऱ्या संघाने नव्हे. म्हणूनच पाटी बदलली तरी कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

पेठेची कडवी निष्ठा पाहायची तर महाराष्ट्रात फुटबॉलच पाहावा लागतो, आणि तोही कोल्हापुरात. तिथे फुटबॉल संघांची नावंच तालमींची आहेत: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर पेठा आपापल्या बाजूला बसतात, परदेशी खेळाडू हंगामापुरते येतात, आणि एका पेठेचा पोरगा दुसऱ्या पेठेकडून उतरला तर त्याची चर्चा कट्ट्यावर वर्षभर पुरते. तिथे संघ म्हणजे घरचा पत्ता. कुस्तीच्या महाराष्ट्र केसरीत जिल्हा तसा कधी झालाच नाही.

मग कुस्तीच्या चाहत्याचा राग जातो कुठे? पंचांकडे. जानेवारी 2023 मध्ये माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर हरला. सिकंदरच्या चाहत्यांनी ती काही सेकंदांची चित्रफीत मोबाइलवर पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली, पाठ टेकली की नाही यावर आठवडाभर वाद घातला, आणि पंचाला धमकीपर्यंत मजल गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला तर मल्लानेच तोल सोडला. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळकडून चितपट झाल्याचा निर्णय मान्य नसलेल्या शिवराज राक्षेने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. अंतिम कुस्तीतल्या वादानंतर महेंद्र गायकवाडवरही तेवढीच. या दोन्ही वेळी महाराष्ट्रभर चाहते हमरीतुमरीवर आले, पण कुठल्या जिल्ह्यावर अन्याय झाला असं कुणी म्हणालं नाही. सिकंदरवर झाला, शिवराजवर झाला, असंच प्रत्येक जण म्हणाला.

जालन्याला या सगळ्यात स्वतःचा एक बारीक सल आहे. 1961 मध्ये महाराष्ट्र केसरीचा पहिला किताब औरंगाबादेत दिला गेला, सांगलीच्या दिनकर दह्यारींना. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. म्हणजे मराठवाड्याने या स्पर्धेचा पाळणा हलवला. पण मराठवाड्याची गुणी पोरं तयार व्हायला पुण्याचा किंवा कोल्हापूरचा रस्ता धरतात. काका पवार स्वतः लातूरचे. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याचकडे घडला आणि 2018 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोंत सुवर्णपदक घेऊन आला. इकडची पोरं तिकडे जातात आणि तिकडची पोरं इकडच्या पाट्या घेऊन उतरतात, अशी ही उलटसुलट वाहतूक आहे. यात तोटा कुणाचा, हे पाहायला आकडेवारी लागत नाही: पाटी परत करता येते, तालीम मात्र उभी करावी लागते.

जालन्याचा स्वतःचा नावाजलेला खेळाडू मल्ल नाही, क्रिकेटपटू आहे. विजय झोलने 19 वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 धावा काढल्या, रणजी पदार्पणात त्रिपुराविरुद्ध नाबाद द्विशतक ठोकलं आणि 2014च्या युवा विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. त्याच वर्षी लिलावात बंगळुरूच्या संघाने त्याला 30 लाखांना घेतलं. स्टीलच्या सळया आणि बियाणं देशभर पाठवणाऱ्या गावाने क्रिकेटपटूही पाठवला. तिथे भाव जाहीर झाला, टीव्हीवर हातोडा पडताना दिसला. कुस्तीत वाशीमची पाटी घेण्यासाठी कुणी कुणाला काय दिलं-घेतलं, याचा लिलाव होत नाही आणि नोंदही होत नाही. फुटबॉलमध्ये मूळ शिकवणाऱ्या क्लबला बदलीच्या रकमेत वाटा मिळतो. कुस्तीत बदलीची रक्कमच नाही, तर वस्तादाला वाटा कशाचा मिळणार?

आता तर पाट्यांबरोबर स्पर्धाही दोन झाल्या आहेत. कुस्तीगीर परिषदेतल्या फुटीनंतर नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला एक महाराष्ट्र केसरी झाली आणि काही दिवसांतच धाराशिवला दुसरी. फुलगावला अर्ध्या मिनिटात हरलेला शिवराज राक्षे धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेऊन गेला. एकाच महिन्यात एका मल्लाने एक अंतिम कुस्ती गमावली आणि दुसरी जिंकली, आणि दोन्ही निकाल आपापल्या परिषदेच्या दप्तरात अधिकृत आहेत.