लाल कोट

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या पुरुषाच्या पूर्वायुष्याची झडती असते, असे माझे मत आहे. माळ्यावरची ट्रंक खाली आली की जुनी पत्रे, लपवलेल्या गुणपत्रिका, नाही नाही ते बाहेर पडते. आमच्या ट्रंकेत गेली वीस वर्षे याहूनही भयंकर वस्तू होती. खांद्यावर सोनेरी झालर आणि छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा असलेला एक लाल कोट! दर दिवाळीला ती ट्रंक मी स्वतः उतरवीत असे, स्वतः पुसत असे आणि स्वतःच परत वर ठेवीत असे. माझ्या या कामसूपणाचे आमच्या सौभाग्यवतींना फार कौतुक वाटे.

यंदा ती ट्रंक रिकामी निघाली. कोट आता कपाटात, माझ्या एकुलत्या एक सुटाशेजारी टांगलेला आहे. तो तिथे कसा आला, त्याची ही हकीकत.

मी बीडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मुकुंदराज आणि दासोपंत हे दोघेही आमच्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचे. तेव्हा जुने वाङ्मय शिकवताना मला घरचेच कोणी बोलते आहे असे वाटते. गावात लोक 'सर' म्हणतात, चहाचे पैसे कधी कधी घेत नाहीत. पण वयाच्या सोळाव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत हे सर लग्नाच्या वरातीत बँड वाजवीत होते, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

माझे वडील शिंपी. १९९४ साली गावातल्या एका बँडचे अठरा कोट त्यांनी शिवायला घेतले. कोट तयार झाले आणि अठरांतला एक पोरगा ऊसतोडीला निघून गेला. आमच्या जिल्ह्यात हे नवे नाही. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. कोट होता, माणूस नव्हता! बँडचे मास्तर आमच्या दुकानात येऊन कपाळाला हात लावून बसले. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग कोटाकडे पाहिले, आणि कोट माझ्या अंगात घातला. बरोबर बसला. "याला येतं काय?" असे वडिलांनी विचारले, तेव्हा चाचा म्हणाले, "कोट आला ना अंगात, बाकीचं येईल."

पहिला हंगाम मी नुसता खुळखुळा हलवला. रात्रीचे चाळीस रुपये मिळत. त्यात माझी बारावीची पुस्तके आली.

बँडचा हा लाल कोट आला कोठून, हे मला पुष्कळ पुढे वाचनातून कळले. इंग्रजांच्या पलटणींबरोबर पितळी वाद्ये आणि झालरीचे गणवेश इकडे आले. आमच्या अंबाजोगाईलाही, तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. पलटणी गेल्या, त्यांचे कोट मात्र लग्नात राहिले. वाद्ये मेरठच्या जली कोठी भागात बनू लागली, ती आजही तिथेच बनतात आणि देशभर जातात. आमच्या ट्रम्पेटच्या पेटीवरही मेरठचाच शिक्का होता. या बँडवाल्यांच्या आयुष्यावर ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने 'ब्रास बाजा' नावाचा ग्रंथ लिहिला, तो २००५ साली निघाला. ज्यांना आपण वरातीत नावानेही ओळखत नाही, त्यांच्या मुलाखती घ्यायला माणूस सातासमुद्रापलीकडून आला, हे वाचून मी ग्रंथालयातच थोडा वेळ गप्प बसलो होतो.

दुसऱ्या वर्षी चाचांनी माझ्या हाती क्लॅरिनेट दिले. बँडमध्ये क्लॅरिनेट म्हणजे गायक; बाकी सारे साथीला. हे वाद्य सुमारे १७०० साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिराने घडवले असे मानतात. मोठे लहरी वाद्य! बासरीत फुंकर वाढवली की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटची मागची चावी दाबली की सूर सप्तक ओलांडून थेट बाराव्या स्वरावर उडी मारतो. म्हणजे खालची बोटे वेगळी, वरची वेगळी. त्यातून वेताची पत्ती कोरडी पडली की ऐन रंगात 'चीं' करून किंचाळते. वरचे दात मुखनळीवर टेकवायचे, खालचा ओठ दातांवर मुडपून पत्तीखाली धरायचा, आणि बैशाखाच्या उन्हात तापलेल्या डांबरावर चार तास चालायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात 'हजर' म्हणतानाही ओठ हुळहुळत.

लिहिलेले स्वर आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नसत. सारा कारभार कानाचा. चाचा लहानपणी दर बुधवारी रात्री हॉटेलाबाहेर उभे राहून रेडिओ सिलोनवरची 'बिनाका गीतमाला' ऐकत आणि गाणे बोटांवर मोजत घरी येत. आमच्या वेळी कॅसेट होत्या. एकच ओळ वीस वेळा मागे नेऊन नेऊन कॅसेटची फीत बाहेर यायची. पण नवे गाणे किती का येईना, खरी सुपारी मिळायची ती चार-पाच जुन्या गाण्यांवरच. त्यांतली तीन एकट्या संगीतकार रवींची : 'चौदहवीं का चाँद' (१९६०) मधले नवऱ्या मुलाचे, 'नील कमल' (१९६८) मधले पाठवणीचे आणि 'आदमी सड़क का' (१९७७) मधले दोस्ताच्या लग्नाचे. नवरदेव घोड्यावर चढण्यापासून नवरी गाडीत बसेपर्यंत या एका माणसाने सोय करून ठेवली आहे! चौथे 'नया दौर' (१९५७) मधले जवानांचे. लग्नात जवानांचे काय काम, असे कोणी विचारीत नाही. बहुधा आमच्या कोटांकडे पाहून पटत असावे.

आणि पाचवी 'नागिन' (१९५४) ची धून. ती वाजली की वराकडचा एक तरी मामा रुमाल दातांत धरून जमिनीवर लोळणारच. गंमत अशी, की त्या चित्रपटात ऐकू येते ती पुंगी नव्हेच. क्लॅव्हिओलीन नावाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली होती. म्हणजे पुंगीची नक्कल विजेच्या वाद्याने केली, त्याची नक्कल आम्ही क्लॅरिनेटवर केली, आणि आमच्यापुढे मामा नागाची नक्कल करीत!

"तुमचं स्वतःचं असं त्यात काय?" असा प्रश्न पुढे मी स्वतःलाच पुष्कळदा विचारला. मराठीच्या प्राध्यापकाला नवनिर्मितीचा मोठा धाक असतो. पण तुकोबा गेले १६५० साली. तेव्हापासून वारकरी त्यांचेच अभंग गातो आहे. त्याला नकलाकार म्हणायला कोणाची जीभ धजणार नाही. शिलाँगचे लू माजाव १९७२ पासून दर वर्षी २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस त्याची गाणी गाऊन साजरा करीत आले आहेत. आमचा बँडही त्याच सुमारास, दुष्काळाच्या साली उभा राहिला. मे महिन्यातल्या एका रात्री तिकडे डोंगरात कोणी डिलन गातो आणि इकडे माळीवेशीत आम्ही रवी वाजवतो, या विचाराने मला उगीचच बरे वाटते. दुसऱ्याचे गाणे पन्नास वर्षे निष्ठेने वाजवले की त्यात आपला श्वास किती मिसळला, ते मोजता येत नाही.

हे शहाणपण मात्र मला फार उशिरा आले. एम. ए. झालो, २००३ साली नोकरी लागली, आणि मी तो कोट ट्रंकेत घातला. मुलाखतीत छंद विचारले तेव्हा मी 'वाचन' म्हणालो. पुढच्या वर्षी लग्न ठरले. सासरची मंडळी पुण्याची, सुशिक्षित. पुण्यात बँडला मान आहे. गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड वाजतो तेव्हा लोक थांबून ऐकतात. हे मला ठाऊक होते, तरी माझी छाती झाली नाही. आमचाच बँड लावला तर ढोलवाला मला नावाने हाक मारील, ट्रम्पेटवाला गळ्यात पडेल, या भीतीने मी परगावचा बँड ठरवला.

चाचा लग्नाला आले ते पांढऱ्या पायजम्यात, हातात एक्कावन्न रुपयांचे पाकीट घेऊन. शेवटच्या पंगतीला जेवले. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी एवढेच म्हणाले, "क्लॅरिनेट बेसूर होतं रे." त्या चार शब्दांनी पुढची वीस वर्षे माझा पिच्छा सोडला नाही.

या वीस वर्षांत बँडचे काय झाले ते गावाने पाहिले. डीजेच्या भिंती आल्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, असा नियम २००० सालापासून आहे. पण दहाच्या आत आमच्या क्लॅरिनेटचा सूर ऐकू येईल अशी जागा सुभाष रोडवर उरली नाही. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तीही नेमकी लग्नसराईच्या तोंडाशी. पन्नास माणसांच्या लग्नात अठरा बँडवाले कोण बोलावणार? त्या उन्हाळ्यात बँडची तीन वाद्ये मोडीत गेली, पितळेच्या भावाने, किलोवर. मला ते कळले होते. मी पैसे पाठवले, गेलो नाही.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी दाराची घंटा वाजली. दार सौभाग्यवतींनी उघडले. बाहेर चाचा होते.

"सर आहेत का?"

मला पोरा म्हणणारा माणूस मला सर म्हणाला! मी बाहेर आलो. पाणी झाले, चहा झाला. मग ते म्हणाले, "आपल्या ढोलवाल्याच्या लेकीचं लग्न आहे रविवारी. आपल्याच पोरीच्या लग्नात डीजे कसा लावायचा? माझे वरचे दात गेले, सर. पत्तीवर जोर येत नाही. नऊजण राहिलोत. क्लॅरिनेटला कोणी नाही." आणि मग बायकोकडे वळून, ओशाळून : "सर पूर्वी फार सुरात वाजवायचे."

खोलीत शांतता पसरली. मी ट्रंक उतरवली.

कोट अर्थातच बसेना. बटणांच्या दोन रांगांत चांगले चार बोटांचे अंतर पडले. सौभाग्यवतींनी तो उलटा केला, शिवण पाहिली आणि म्हणाल्या, "मामंजींनी माया भरपूर ठेवलीय." शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतो, त्याला माया म्हणतात. पोरगा वाढेल, हे वडिलांनी तेव्हाच धरले होते. त्या रात्री शिवणी उसवून तिने कोट सैल केला. मी गच्चीवर सराव केला. शेजाऱ्यांनी दोन रात्री सहन केले, तिसऱ्या रात्री मांजर आहे का म्हणून विचारायला आले.

रविवारी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, आणि माळीवेशीच्या वळणावर वरातीत नाचणारी माझ्याच वर्गातली चार मुले समोर उभी! क्षणभर पत्ती कोरडी पडली. एकाने डोळे चोळले. मग तो ओरडला, "सर, नागिन!"

मी नागिन वाजवली. दोनदा 'चीं' झाले, पण सूर सुटला नाही. चाचा रिकाम्या हातांनी माझ्या शेजारून चालत होते आणि त्यांची बोटे हवेत चालू होती. मारुतीच्या पारापाशी ते थांबले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता बरोबर आहे, पोरा."

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. दासोपंतांवर इतकी हजेरी मी आजवर पाहिली नव्हती.

रात्री घरी परतलो तेव्हा सौभाग्यवती कोट झटकून हँगरला लावीत होत्या. इतकी वर्षे लपवल्याबद्दल आता काय ऐकावे लागते, या धास्तीने मी पाणी पीत उभा होतो. त्या कपाटाचे दार लावता लावता म्हणाल्या,

"तेव्हाच सांगितलं असतंत, तर आपल्या लग्नात बँड तरी सुरात वाजला असता."