कॅमेरा राहू दे, बॅटरीचं बोला!

दर सप्टेंबरला नवा आयफोन येतो आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये एकच चर्चा : कॅमेरा किती मेगापिक्सेल? अरे, पण फोन म्हातारा कशाने होतो? स्क्रीन ठणठणीत, फोटो झकास, पण लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की दमायला लागते. सकाळी १०० टक्के आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये पॉवरबँकची शोधाशोध! २००३च्या नोकिया ११००ला यावर सोपा उपाय होता. मागचं झाकण काढा, नवी बॅटरी घाला, चला कामाला. आता ती आत चिकटवलेली असते. मग बॅटरीपायी आपण अख्खा फोनच बदलतो, तोही ईएमआयवर.

सुदैवाने युरोपने छडी उगारलीय. २० जून २०२५पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता टिकवणारी हवी. मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. नियम त्यांचा, आपल्याला काय? चार्जर आठवा की! यूएसबी-सीची सक्ती युरोपची, पण २०२३चा आयफोन १५ आपल्याकडेही तेच पोर्ट घेऊन आला.

दुसरी आशा सिलिकॉन-कार्बन बॅटरीची. तेवढ्याच जागेत जास्त वीज! त्यामुळेच २०२५मध्ये ७००० एमएएचचे फोन भारतात आले, तेही खिशात वीट न वाटता.

घडीचे फोन, एआयवाले चष्मे येऊ देत खुशाल. मला मात्र झाकण निघणारा फोन हवाय. दोन मिलिमीटर जाड असला तरी चालेल, बॉस!