निर्वासितांचा खर्च नेमका कोण भरतं?

निर्वासितांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, 'सगळे युरोप-अमेरिकेत घुसतात.' दुसरं, 'त्यांना काय, युनो पोसतंय!' व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुरातही हीच दोन वाक्यं कमी-अधिक मसाला लावून फिरत असतात. दोन्ही चुकीची आहेत. त्यातलं दुसरं जास्त घातक आहे, कारण युनो पोसतंय म्हटलं की ज्या देशाने त्यांना थारा दिला त्याच्या खिशाकडे कुणी बघतच नाही.

'सगळे श्रीमंत देशांतच जातात'

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं युद्ध, छळ किंवा हिंसाचारामुळे घरदार सोडून राहत होती. यातल्या ७ कोटी ३५ लाख लोकांनी आपल्या देशाची सीमा ओलांडलेलीच नाही. गाव सुटलं, जिल्हा सुटला, देश तोच. निर्वासितांची संख्या सुमारे ४ कोटी २७ लाख आणि त्यातले ७३ टक्के गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. दोनतृतीयांश लोक तर शेजारच्याच देशात थांबलेले आहेत.

यात नवल काही नाही. जीव मुठीत घेऊन पळणारा माणूस नकाशा उघडून देश निवडत नाही. पायी जाता येईल तिथे तो जातो आणि परत फिरायला सोपं पडेल अशा अंतरावर थांबतो. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा दारफूरमधली माणसं गाढवावर बोचकी लादून चाडमधल्या आद्रे या सीमेवरच्या गावात पोहोचली. चाड हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. २०२४ अखेर सर्वाधिक निर्वासित ठेवून घेणारे देश क्रमाने असे होते : इराण, तुर्कस्तान, कोलंबिया, जर्मनी आणि युगांडा. पाचांत श्रीमंत म्हणावा असा जर्मनी एकटाच.

देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांची स्थिती आणखी अवघड असते. १९५१चा निर्वासितविषयक करार त्यांना लागूच होत नाही. त्यांच्यासाठी १९९८ साली काही मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली, पण ती पाळण्याचं बंधन कुणावर नाही. आफ्रिकेने २००९ मध्ये कंपाला इथे यासाठी स्वतंत्र करार केला. बाकीचं जग अजून तिथवर पोहोचलेलं नाही.

'युनो पोसतं'

युनोकडे पैशाचा हौद नाही. निर्वासितांसाठीची तिची संस्था जवळजवळ पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकातून तिला मिळणारा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी असतो. म्हणजे दरवर्षी हिशेब मांडायचा, देशोदेशींच्या सरकारांपुढे झोळी पसरायची आणि जे पडेल त्यात भागवायचं. अलीकडे मागणीच्या निम्म्याच्या आसपासच रक्कम हाती येते.

तीही मोकळी नसते. देणारा देश बऱ्याचदा अट घालतो : हे पैसे अमुक देशासाठीच, तमुक कामासाठीच. मुलांच्या शाळेसाठी निधी चटकन मिळतो, कारण शाळेचा फोटो चांगला येतो. संडासांचा मैला उपसायला पैसे द्यायला कुणी फारसं उत्सुक नसतं. शिवाय देणारे मोजकेच आहेत. या संस्थेला मिळणाऱ्या निधीपैकी जवळपास ४० टक्के एकटी अमेरिका देत असे. २०२५ मध्ये अमेरिकेने हात आखडता घेतला आणि काही महिन्यांतच संस्थेला सुमारे साडेतीन हजार पदं कमी करावी लागली.

श्रीमंत देशांच्या मदतीच्या आकड्यांतली एक खोच फार जणांना ठाऊक नसते. विकसित देशांनी आपसात केलेल्या नियमांनुसार, स्वतःच्याच देशात आलेल्या निर्वासितांवर पहिल्या बारा महिन्यांत केलेला खर्च 'परदेशी मदत' म्हणून दाखवता येतो. २०२२ मध्ये ब्रिटनने आपल्या परदेशी मदतीतला सुमारे २९ टक्के पैसा असा ब्रिटनमध्येच खर्च केला. नियमात बसतं हे खरं. पण चाड किंवा बांगलादेशाच्या वाट्याला त्यातलं काही जात नाही आणि वर्षअखेरीस मदतीचा आकडा मात्र फुगलेला दिसतो. माझ्या मते ही हिशेबातली चलाखी आहे, तिला दुसरं नाव देता येत नाही.

मदत म्हणजे नेहमी दान असतं, हाही समज सोडलेला बरा. यजमान देशांना जागतिक बँकेकडून पैसा मिळतो, पण त्यातला काही अनुदान असतो तर काही कर्ज. म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांसाठी बांगलादेशाला २०१८ मध्ये बँकेने ४८ कोटी डॉलरपर्यंतचं अनुदान जाहीर केलं होतं. २०२४ मध्ये ७० कोटी डॉलर मंजूर झाले ते कर्ज आणि अनुदान मिळून. दुसऱ्या देशाने हाकललेल्या लोकांसाठी आम्ही कर्ज काढायचं आणि फेडायचंही आम्हीच, असा सवाल ढाक्यात विचारला गेला. आपलं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी ही गत. त्या प्रश्नाला पटेल असं उत्तर कुणाकडे नाही.

'छावणीत बसून आयतं खातात'

हे तपासायला बांगलादेशातल्या कॉक्स बझारसारखी जागा नाही. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात उतरले. आधीपासून राहणारे आणि नंतर आलेले धरून आज तिथे दहा लाखांहून अधिक माणसं आहेत. तिथल्या कुतुपालाँग छावणीच्या डोंगरउतारांवर बांबू आणि ताडपत्रीची घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागली आणि एका दिवसात सुमारे ४५ हजार माणसं पुन्हा उघड्यावर आली.

आता या 'आयत्या' जेवणाचं पाहू. प्रत्येक कुटुंबाकडे जागतिक अन्न कार्यक्रमाचं एक कार्ड असतं. महिन्याला माणशी ठरावीक रक्कम त्यावर जमा होते. छावणीतल्या नेमून दिलेल्या दुकानात जाऊन तांदूळ, डाळ, तेल, अंडी, सुकी मासळी घ्यायची, की तेवढी रक्कम कापली जाते. ही रक्कम माणशी १२ डॉलर होती. निधी आटला म्हणून मार्च २०२३ मध्ये ती १० डॉलर झाली, जूनमध्ये ८. तेव्हाच्या दराने ८ डॉलर म्हणजे महिन्याला साधारण साडेसहाशे रुपये, दिवसाला बावीस. आपल्याकडे बावीस रुपयांत दोन वेळचं सोडा, एक वडापाव आणि कटिंग चहा जेमतेम येतो. पुढच्या वर्षी ही रक्कम हळूहळू पूर्ववत झाली. मार्च २०२५ मध्ये ती ६ डॉलरवर आणण्याची सूचना निघाली आणि ऐनवेळी पैसे मिळाल्याने कपात टळली.

मग काम का करत नाहीत? कारण त्यांना रीतसर काम करायला परवानगी नाही. छावणीतल्या गटारं-रस्त्यांच्या कामावर थोडा रोज मिळतो, तेवढाच. परवानगी असली तर काय होतं ते युगांडात दिसतं. तिथल्या २००६च्या कायद्याने निर्वासिताला काम करण्याची आणि देशात कुठेही जाण्या-येण्याची मुभा आहे. घर बांधायला आणि थोडंफार पिकवायला जमिनीचा तुकडाही मिळतो. या धोरणाचं जगभर कौतुक झालं, पण कौतुकाबरोबर पैसा आला नाही. माणसं वाढत गेली तसे तुकडे लहान होत गेले आणि मे २०२५ मध्ये तिथल्या दहा लाख लोकांची अन्नमदत बंद करावी लागली.

जॉर्डनशी २०१६ मध्ये झालेला करार वेगळ्या तऱ्हेचा होता : सीरियन लोकांना कामाचे परवाने द्या, युरोप तुमच्या मालासाठी बाजारपेठ खुली करेल. कागदावर झकास. प्रत्यक्षात परवाने बरेच निघाले, पण युरोपला माल पाठवू शकणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

'स्थानिकांच्या पदरात काहीच पडत नाही'

हा समज पूर्ण चुकीचा नाही, म्हणून जरा थांबून बघायला हवा. कॉक्स बझारमधल्या उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत आज स्थानिकांपेक्षा निर्वासित जास्त आहेत. मजुरीचे दर पडले, बाजारात महागाई झाली, टेकनाफमध्ये पाण्याची ओढाताण वाढली. सुरुवातीच्या महिन्यांत छावणीसाठी आणि सरपणासाठी हजारो एकर जंगल गेलं. ते जंगल हत्तींच्या वाटेवरचं होतं. हत्ती आपल्या नेहमीच्या वाटेने आले ते थेट झोपड्यांत, आणि डझनभर माणसं चिरडून मेली.

यावर निघालेला तोडगा मला सगळ्या योजनांमध्ये जास्त शहाणपणाचा वाटतो. निर्वासितांमधूनच स्वयंसेवक निवडून त्यांना शिकवलं, बांबूचे मचाण उभारले, रात्रभर पहारा ठेवला. हत्ती दिसला की गर्दी आवरायची आणि त्याला न डिवचता जंगलाकडे वळवायचं. तेव्हापासून अशा मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. २०१८पासून स्वयंपाकाच्या गॅसची सिलिंडरं वाटली जाऊ लागली, तशी सरपणाची मागणी बरीच घटली आणि उघड्या टेकड्यांवर पुन्हा झाडं लावता आली. काही सिलिंडरं स्थानिक कुटुंबांनाही मिळाली. मदतीचा पाव हिस्सा तरी स्थानिकांवर खर्च व्हावा, असा बांगलादेश सरकारचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे.

'एकदा आले की जात नाहीत'

भटाला दिली ओसरी ही म्हण इथे हमखास ऐकवली जाते. आपल्याच देशाचा इतिहास तिच्या विरोधात साक्ष देतो. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसं भारतात आली. परदेशातून मदत आली, पण खर्चाच्या मानाने थोडकीच. बाकीचा भार आपण उचलला. त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं आणि ते १९७३च्या मार्चअखेरपर्यंत चाललं. ज्यांनी तेव्हा पत्रं टाकली, त्यांनी निर्वासितांच्या मदतीत आपला वाटा भरलेला आहे. युद्ध डिसेंबरमध्ये संपलं आणि फेब्रुवारी १९७२ अखेरपर्यंत नव्वद लाखांहून अधिक लोक परत गेले होते. गाव मोकळं झालं, तशी माणसं आपणहून निघाली.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. तो खर्च आधी लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार उचलत होतं. ते पोलिश लोकही पुढे निघून गेले. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत मात्र अजून आहे. तिबेटची परिस्थिती बदललेली नाही, मग ते जाणार कुठे?

रोहिंग्यांचंही तेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना परत पाठवण्याची तयारी झाली. दुसऱ्या खेपेला तर बस येऊन उभ्या होत्या, पण कुणी चढलं नाही. म्यानमारच्या १९८२च्या कायद्याने त्यांना नागरिक मानलेलं नाही आणि त्यात बदल झालेला नव्हता. तिसऱ्याच देशात कायमचं वसवण्याचा पर्यायही तुटपुंजा आहे. २०२४ हे त्या बाबतीत कित्येक वर्षांतलं सर्वांत चांगलं वर्ष, आणि त्या वर्षी जगभरातून वसवले गेले सुमारे १ लाख ८९ हजार, म्हणजे निर्वासितांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

कॉक्स बझारसाठी २०२५ साली मागितलेली रक्कम होती सुमारे ९३ कोटी ४५ लाख डॉलर, स्थानिक धरून १४ लाख ८० हजार लोकांसाठी. पै न पै मिळाली असती, तरी अन्न, पाणी, औषध, शाळा, गॅस सगळं मिळून माणशी दिवसाला पावणेदोन डॉलर. तेव्हा निर्वासितांसाठी अमुक कोटी डॉलर 'जाहीर' झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा जमा किती झाले आणि त्यातलं कर्ज किती, एवढं तरी विचारा.