नाव घेऊन मागितलेली प्रार्थना

ख्रिस्ती माणूस ‘आमची मंडळी’ म्हणतो तेव्हा तो बायकोविषयी बोलत नसतो. मराठी बायबलात चर्चसाठी हाच शब्द आहे. मी शब्दांच्या मागे लागणारा कवी. इमारतीआधी माणसं मोजणारा हा शब्द मला फार आवडतो.

या मंडळीच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना असते. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी मयत झाली, हे पाळक नाव घेऊन सांगतात आणि सगळे मिळून त्या माणसासाठी देवाकडे मागतात. आमच्याकडेही दुसऱ्यासाठी दुआ मागतात. भावाच्या पाठीमागे त्याच्यासाठी मागितलेल्या दुआचं मोल हदीसमध्ये मोठं सांगितलं आहे. इथे मात्र ज्याच्यासाठी मागायचं तो पुष्कळदा समोरच बसलेला असतो.

माझी अम्मी जालन्याला दवाखान्यात होती, तेव्हा एका ख्रिस्ती स्नेह्यांना मी सहज म्हटलं, ‘दुआ करा.’ त्यांनी लगेच विचारलं, ‘अम्मींचं नाव काय?’ मला नवल वाटलं. रविवारी दुपारी दोन अनोळखी बाया डबा घेऊन, तिचं नाव विचारत वॉर्डात आल्या. सकाळी ते नाव त्यांनी उपासनेत ऐकलं होतं. नाव कानावर पडलं, की ऐकणाऱ्यावर काम येऊन पडतं ते असं.

आपल्या जालन्याला हे नवं नाही. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती उभी केली. तिथे आलेले बहुतेक मांग समाजातले होते. धर्म बदलून गावकीची कामं सोडली, की बलुतं धोक्यात येई; भाऊबंदही तुटत. अशा माणसांना शेजाऱ्यासाठी नुसतं हात जोडून भागणार नव्हतं. आधाराला मंडळीशिवाय होतं कोण?

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. आमच्या मराठवाड्यातला माणूस पीक गेलं, कर्ज थकलं तरी ‘मदत करा’ म्हणत नाही. जीभ रेटत नाही. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढं मात्र तो म्हणू शकतो. त्यात लाचारी नाही. आज तो मागतो, उद्या दुसऱ्यासाठी मागणाऱ्यांत उभा राहतो.

धोकाही आहेच. चारचौघांत सांगितलेलं दुःख संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचतं. मुलीचं मोडलेलं लग्न, नवऱ्याची दारू, सावकाराचा तगादा हे सगळं मोठ्याने बोलण्याचं नसतं. म्हणून जाणता पाळक अशा वेळी फक्त नाव घेतो, कारण सांगत नाही. उपासना सुटली, की तो दाराशी थांबतो आणि त्या माणसाला बाजूला घेऊन हळूच विचारतो, ‘किती कमी पडताहेत?’